लाल पाठीचं पान

परळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलो होतो. येताना तिथून बिगोनियाची एक कुंडी आणली. पानं अशी की पैठणीचा पदर पसरून ठेवावा. मध्ये रुपेरी, कडेला जांभळी. घरी येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच एकेक पान मान टाकू लागलं. मी रोज न चुकता पाणी घालते, तरी असं का व्हावं? आमचे हे म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस."

पैसे पाण्यात घातल्याचं वाक्य आपणा सर्वजणींच्या ओळखीचं आहे, तेव्हा ते सोडून देऊ. मात्र त्या वाक्यात यजमान नकळत खरं बोलून गेले आहेत. मुंबईतल्या घरांत बिगोनिया मरतो तो बहुधा उन्हाने नाही आणि हेळसांडीने तर नाहीच. तो मरतो पाण्याने. 'रोज न चुकता' हेच त्याचं दुखणं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः एक मारून सांगते आहे. तो किस्सा पुढे येईलच.

आधी थोडी ओळख. बिगोनिया म्हटलं की काही जणींना बागेच्या कडेने लावतात ती बुटकी, गुलाबी-पांढऱ्या फुलांची रोपं आठवतात. ती फुलांसाठी. आज मी बोलते आहे ते पानांसाठी लावायच्या बिगोनियाबद्दल. यालाही फुलं येतात, पण फिकट आणि लाजरी. सगळा मान पानांचा. ओळखायची खूण सोपी आहे. देठाच्या दोन बाजूंना पान सारखं नसतं. एक बाजू मोठी, एक लहान, जणू नवशिक्या शिंप्याने बेतलेलं. जगात याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. नाव पडलं ते मिशेल बेगाँ या फ्रेंच अधिकाऱ्यावरून. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्ल्युमिए नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ वेस्ट इंडीजमध्ये हिंडत होता, त्याने ही झाडं पाहिली आणि बड्या साहेबाचं नाव देऊन टाकलं. साहेबाला खूष ठेवायची रीत सगळीकडे सारखीच, नाही का!

पत्रातला रुपेरी-जांभळा तो 'रेक्स', म्हणजे राजा. हा मात्र मूळचा आपल्या आसामकडचा. १८५० च्या दशकात तिथून विलायतेला गेलेल्या ऑर्किडच्या गठ्ठ्यातून तो नकळत पोचला, आणि मग युरोपातल्या माळ्यांनी त्याचे संकर करून रंगांची नुसती उधळण केली. म्हणजे घराणं थंड, ओलसर, डोंगराळ जंगलातलं. महाबळेश्वरला तो खुशीत असणारच. मुंबईची दमट हवा त्याला मानवते, पण उकाडा मानवत नाही, आणि रात्रीसुद्धा गारवा मिळाला नाही की तो खंगतो. म्हणून पहिलाच बिगोनिया घेणार असाल तर राजाच्या वाटेला जाऊ नका.

आपल्या हवेत टिकणारे दोन प्रकार आहेत. एकाला उभी, बांबूसारखी पेरं असतात. लांबट पानांवर रुपेरी ठिपके, आणि वाढला तर खिडकीच्या गजांइतका उंच होतो. दुसऱ्याचं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं जाड असतं आणि मातीवरच आडवं सरपटतं; त्यातून देठ वर येतात. कुणाची पानं चांदणीसारखी कातरलेली, कुणाची गोल, तर एकाच्या पानाच्या कडेला डोळ्यांच्या पापण्यांसारखी लव. हा जाड गड्ड्याचा प्रकार सगळ्यात सोशिक. घ्यायच्या आधी नुसतं बघायचं असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन या. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिका तिथे झाडाफुलांचं प्रदर्शन भरवते. कागद-पेन्सिल न्यावी, पाकीट शक्यतो घरी ठेवावं.

आता माझा किस्सा. लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर सासूबाईंची सात-आठ झाडं होती. तुळस, गवती चहा, ओवा, आणि तुपाच्या जुन्या डब्यात एक बिगोनिया. गोल, जाड, तळहाताएवढी पानं. वरून गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि उलटून पाहिलं तर पाठ लालभडक. शास्त्रात याला 'एरिथ्रोफिला' म्हणतात, म्हणजे लाल पानांचा. चाळीत सगळ्या त्याला 'लाल पाठीचं' म्हणत. कुणी पाहुणी आली की सासूबाई एक पान हलकेच उलटून दाखवायच्या. दागिना दाखवावा तसा.

पुढे नणंदेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई तीन महिन्यांसाठी नाशिकला गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "बिगोनियाला बोट घालून बघत जा गं. कोरडं लागलं तरच पाणी." मी नवी सून. मला वाटलं, एवढं काय सांगायचं त्यात! आमच्याकडे पाणी पहाटे यायचं, जेमतेम पाऊण तास. पिंप, बादल्या, कळशा भरून घ्यायच्या, आणि त्याआधी कालचं उरलेलं पाणी कुठेतरी ओतायचं. मोरीत टाकायला जीव होत नसे. मग ते झाडांना. रोज. तुळस खूष, गवती चहा खूष. महिन्याभरात बिगोनियाची पानं लोंबायला लागली. मला वाटलं तहान लागली, मी आणखी एक तांब्या वाढवला.

इथेच सगळ्या फसतात. बिगोनिया तहानेने मान टाकतो तशीच तो बुडतानाही टाकतो. दोन्ही वेळा चेहरा एकच. खरं कारण मातीला विचारावं. माती कोरडीठक्क असेल तर तहान. माती ओली आणि पान मलूल, तर मुळं कुजत आहेत असं समजावं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवावा. मी तो ठेवला नाही. एके दिवशी देठ हातात आला. खाली पाहिलं तर गड्डा पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा मऊ.

मग मी केलं ते सांगायला आजही संकोच वाटतो. दादरच्या फूलबाजाराच्या बाजूला रोपं विकणाऱ्याकडून तसाच दिसणारा गोल पानांचा बिगोनिया आणला आणि त्याच तुपाच्या डब्यात बसवला. सासूबाई आल्या, बाळाचं कौतुक सांगून झालं, आणि संध्याकाळी गॅलरीत जाऊन त्यांनी सवयीने एक पान उलटलं. पाठ हिरवी होती. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे कधीतरी ह्यांच्याकडून कळलं, की ते झाड सासूबाईंच्या आईच्या हातचं होतं. चिपळूणच्या घरून एक पान ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी आणलं होतं, आणि ते घर आता राहिलेलं नाही.

पाण्याने असं का होतं हे मला कळलं ते माथेरानला, पावसाळ्यात. आपल्या सह्याद्रीतही रानबिगोनिया आहे. माथेरान, लोणावळा-खंडाळ्याकडे पावसात कातळाला चिकटलेली लहान लहान गुलाबी फुलं आणि वाकडी रसरशीत पानं दिसतात ती त्याचीच. एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच कोकण आहे. धो धो पाऊस कोसळत असतो आणि हा मजेत! मग डब्यातलाच का कुजला? नीट पाहिलं तेव्हा उत्तर समोर होतं. तो उगवतो उभ्या कातळावर, बोटभर शेवाळ-मातीत. पाणी येतं आणि वाहून जातं, थांबत नाही. पाऊस सरला की पानं झडतात आणि कातळाच्या भेगेत कंद झोपी जातो. (मुलांनी एक उपटून घरी न्यायचा हट्ट धरला होता. नेऊ दिला नाही. तो मुंबईत जगत नाही, आणि डोंगरावरचं डोंगरावर राहू द्यावं.)

तेव्हा कुंडी भरताना तो कातळ डोळ्यांसमोर ठेवावा. रोपांबरोबर मिळणारी लाल माती एकटी वापरू नये. चार पाण्यांत तिची वीट होते. लाल माती एक वाटा, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक वाटा, आणि तिसरा वाटा जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे. त्यात नारळाची शेंडी पिंजून मूठभर घालावी. आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावी, म्हणजे खारटपणा निघतो. कुंडी उथळ हवी, कारण याची मुळं खोल जात नाहीत आणि तळाशी उरलेली रिकामी ओली माती म्हणजे कुजायला आमंत्रण. मातीचा पसरट परळ सगळ्यात उत्तम. धारावीच्या कुंभारवाड्यात हवा तेवढा मिळतो, भोक मात्र सांगून पाडून घ्यावं. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर पाणी निम्म्यावर आणावं. आणि रोप लहान असताना मोठी कुंडी देऊ नये. वाढत्या अंगाचा फ्रॉक मुलींना शिवावा, बिगोनियाला नाही.

पाणी केव्हा? माझ्या सासूबाईंचं बोट हेच माप. बोटाचं एक पेर मातीत घालावं, ओल लागली तर हात मागे घ्यावा. पाणी पानांवर नाही, कडेने मातीत. तांदूळ-डाळीचं धुवण पंधरवड्यातून एकदा चालतं. दुधाच्या पिशव्या विसळलेलं पाणी मात्र घालू नका. वास येतो, बुरशी धरते. चहाचा चोथा घालायचाच तर साखर पूर्ण धुऊन, नाहीतर मुंग्यांची वरात.

जागा म्हणाल तर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड हवा. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. आमच्या गॅलरीसमोर टॉवर उभा राहिला तेव्हा तुळस रुसली, पण शेजारणीचा ठिपक्यांचा बिगोनिया असा काही वाढला की ती बिल्डरचे आभार मानायची तेवढी बाकी होती. एसीच्या झोतात ठेवू नये. मे महिन्यात सगळ्यात गार जागा म्हणजे माठाच्या तिवईखालची. खाली ओलावा, वर सावली. ज्यांच्याकडे राजेसाहेब आहेत त्यांनी मे महिनाभर त्यांना तिथेच बसवावं.

पावसाळ्यात कुंड्या वळचणीच्या आत घ्याव्यात आणि लोकलच्या डब्यातल्यासारख्या खेटून ठेवू नयेत. हवा खेळली नाही की पानांवर पिठी सांडल्यासारखे पांढरे डाग पडतात. ती बुरशी. तेवढी पानं काढून टाकावीत, कुंडी वेगळी करावी, संध्याकाळी पानं भिजवू नयेत. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. बाकी या झाडाला फारसं काही होत नाही.

आता सगळ्यात गमतीचा भाग. जाड गड्ड्याचा बिगोनिया नुसत्या पानापासून होतो. म्हणूनच तो दुकानांपेक्षा बायकांच्या हातांनी जास्त फिरला आहे.

आमची चाळ चार वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली. बिऱ्हाडं पांगली, आम्ही लालबागला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. जेमतेम एक खिडकी, गॅलरी नाही. सासूबाईंनी कुंड्या वाटून टाकल्या आणि तुळस तेवढी ठेवली. गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीतल्या आम्ही जुन्या शेजारणी दादरला एकीकडे जमलो होतो. तळमजल्यावरच्या काकू आता डोंबिवलीला असतात. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासूबाईंनी मागे कधीतरी एक पान दिलं होतं ना, लाल पाठीचं, ते आता माझ्या खिडकीत मावेना."

पुढच्याच रविवारी मी डोंबिवलीला. काकूंनी दोन पानं दिली. स्टीलच्या डब्यात ओलं फडकं घालून, वर झाकण. पान निवडताना काकूंनी जे पाहिलं ते आपणही पाहावं: अगदी कोवळं नको, जून झालेलंही नको, मधल्या वयाचं. देठ दोन बोटं ठेवून कापावा. श्रीखंडाच्या डब्याला खाली भोकं पाडावीत, त्यात धुतलेली जाड वाळू भरावी, ओली करावी पण चिखल नको, आणि पान पुरेसं वर राहील असा देठ तिरका खोचावा. वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी. दिवसातून एकदा पिशवी काढून वारा द्यावा. मी पहिल्या पानाला वारा द्यायला विसरले. त्याला बुरशी आली आणि ते गेलं. दुसऱ्यावर मग तान्ह्या बाळासारखी नजर ठेवली.

रेक्सच्या बाबतीत थोडी वेगळी रीत आहे. पान पालथं करून जाड शिरांना जागोजागी ब्लेडने छेद द्यावेत, मग सुलटं करून ओल्या वाळूवर पसरावं आणि शिरा वाळूला टेकतील असे लहान खडे वर ठेवावेत. एकेका छेदापाशी एकेक पिल्लू येतं. बांबूसारख्या पेरांच्या जातीचं पान मात्र लावू नका. मुळं फुटतील, महिनोन्‌महिने आशा दाखवील, पण झाड होत नाही. त्याची दोन-तीन पेरांची फांदीच लावावी.

आणि धीर धरावा. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या वर्गात खिडकीशी असंच एक पान लावलं होतं. मुळं आली का हे बघायला मुलांनी ते रोज उपटलं, रोज परत लावलं, आणि वहीत मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलं, 'आज नाही.' तेव्हा हात आवरा. मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात, नवी पानं दिसायला आणखी तेवढेच. माझ्या पानाच्या पायथ्याशी गुढीपाडव्याच्या आधल्या आठवड्यात मुगाएवढा लालसर कोंब दिसला. मी घरात कुणाला बोलले नाही.

पावसाळा सरता सरता त्याला पाच पानं झाली, मोठं पान रुपयाएवढं. एका सकाळी मी कुंडी खिडकीत तुळशीशेजारी ठेवली आणि शाळेत निघून गेले. आले तर सासूबाई चष्मा लावून खिडकीशी बसलेल्या, पान दोन बोटांत उलटं धरलेलं.

"कुठून आणलंस गं?"

मग मी सगळंच सांगितलं. डोंबिवलीचंही, आणि पूर्वीचं दादरचंही.

"ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता पाणी कोण घालतंय याला?"

"तुम्हीच घाला आई."

तेव्हापासून त्या कुंडीला मी हात लावत नाही. लांबून बोट मातीत जाताना दिसतं एवढंच.

तर परळच्या भगिनींनो, तुमच्या राजाचं अजून गेलेलं नसेल. कुंडी उपडी करून गड्डा चाचपा. टणक असेल तर कुजलेली मुळं आणि मऊ भाग कापा, एक दिवस सावलीत सुकू द्या, वर सांगितलेल्या मातीत लहान कुंडीत बसवा आणि बोट कोरडं लागेपर्यंत थेंबभरही पाणी नको. पानं सगळी झडली तरी घाबरू नका. थंडीत रेक्स कधी कधी असाच झोपतो आणि गड्ड्यातून परत फुटतो. गड्डा मऊ लागला तर मात्र त्यावर वेळ घालवू नका. जे एखादं पान अजून धडधाकट असेल ते आजच्या आज वाळूवर पसरा. यजमानांना सांगा, पैसे पाण्यात नाही, वाळूत घातले आहेत.

माझ्याकडे काकूंचा स्टीलचा डबा अजून तसाच आहे. परवा सासूबाईंनी आठवण केली, "रिकामा नको परत देऊस." काकूंच्या खिडकीत चांदणीच्या पानांचा बिगोनिया नाही, तो माझ्याकडे आहे. फडकं भिजवून ठेवलं आहे, रविवारी जाईन.